मूठभर मटकी, अर्धं लिंबू

महिन्याची वीस तारीख उलटली की वाण्याच्या दुकानातली यादी आक्रसायला लागते. "तेल अर्धाच लिटर द्या." "बदाम राहू देत या खेपेला." बाजूला उभी असलेली बाई हळू आवाजात हे सांगते, आणि पोरांच्या तोंडचं काहीतरी काढून घेतल्याची खंत तिच्या चेहऱ्यावर दिसते. मला दर वेळी तिला सांगावंसं वाटतं, बाई, तुझ्या पिशवीत जे उरलंय ना, मटकी, शेंगदाणे, बाजरी, तिळाची पुडी, ते मुळीच कमी नाही. फक्त ते कशाबरोबर खायचं आणि कसं शिजवायचं, एवढं सांभाळ. ही सगळी माहिती तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या प्रत्येक घरासाठी.

बदाम राहू देत, शेंगदाणे घ्या

१०० ग्रॅम बदामात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढ्याच शेंगदाण्यांत २४-२५. आणि एक किलो बदामाच्या पैशात शेंगदाणे चार-पाच किलो सहज येतात. शेंगदाणा मुळात सुकामेवा नव्हेच, तो तूर, हरभरा, मूग यांचा भाऊबंद. त्याचं फूल जमिनीवर उमलतं, मग देठ वाकून मातीत शिरतो आणि शेंग आत धरते. भुईमूग हे नाव म्हणूनच किती नेमकं आहे!

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' हे चरित्र १९८१ साली आलं आणि मराठी घराघरांत वाचलं गेलं. त्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरने अलाबामातल्या गरीब शेतकऱ्यांना कापसाने दमलेल्या जमिनीत भुईमूग आणि चवळी लावायला सांगितलं, आणि १९१६ साली शेंगदाण्याच्या १०५ पदार्थांची पुस्तिका काढली. आपल्याकडे कूट, चटणी, आमटी, लाडू, दाण्याची उसळ असं सगळं आधीपासून आहेच.

साबुदाण्याची खिचडी करताना एक लक्षात ठेवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. त्या ताटलीतला सगळा कस कुटातच असतो. तेव्हा साबुदाणा थोडा आवरा आणि कूट सढळ हाताने घाला. मात्र काळपट पडलेला, बुरशी आलेला, चवीला कडू लागणारा दाणा निवडून टाकाच. त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजल्याने ते पुरतं जात नाही.

मटकीला मोड येताना

एक वाटी मटकी दोन-तीन पाण्यांनी धुवा, खडे काढा, रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी निथळून ओल्या फडक्यात सैलसर गाठोडं बांधा आणि झाकणाच्या पातेल्यात ठेवून द्या. मे महिन्यात संध्याकाळपर्यंत पांढरी नाकं बाहेर येतात. डिसेंबरात गाठोडं शेगडीजवळच्या उबेला ठेवावं लागतं आणि दीड दिवस धीर धरावा लागतो. फडकं सोडलं की ओल्या मातीसारखा वास येतो आणि एका वाटीच्या दोन-अडीच वाट्या झालेल्या असतात.

या दीड दिवसात दाण्याच्या आत मोठी उलथापालथ होते. कोरड्या मटकीत 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, मोड फुटले की ते तयार होऊ लागतं. दाण्यातलं फायटिक ॲसिड लोह आणि जस्त अडवून धरतं, ते मोड येताना कमी होतं. पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही उतरतात, म्हणून मोडाची उसळ पचायला हलकी. या सगळ्याला पैसे लागत नाहीत, पाणी आणि वेळ लागतो. मोड आलेल्या मटकीचं पाकीट विकत घेता तेव्हा त्यातलं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. शिजवताना मोडांचं 'क' जीवनसत्त्व थोडं उडतंच, म्हणून ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळा. त्या लिंबाकडेच येऊ.

पोह्यावरचं लिंबू आणि पोह्याबरोबरचा चहा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

धान्य, कडधान्य, पालेभाजी यांतलं लोह शरीराला सहजी घेता येत नाही. पोटात गेलेल्यातला थोडाच भाग रक्तापर्यंत पोचतो, बाकीचा तसाच बाहेर पडतो. त्याच घासाबरोबर 'क' जीवनसत्त्व असलं की लोह शोषलं जाण्याचं प्रमाण चांगलंच वाढतं. अर्धं लिंबू, पेरूच्या दोन फोडी, आवळ्याचं ताजं लोणचं, कच्च्या कोबीची कोशिंबीर, काहीही चालेल. पेरूत संत्र्याच्या चौपट 'क' जीवनसत्त्व असतं, आणि हंगामात गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गाडीवर तो संत्र्यापेक्षा स्वस्त मिळतो. फोडणीच्या पोह्यांवर, मिसळीवर लिंबाची फोड ठेवण्याची आपली रीत चवीपुरती नाही, तिच्यामागे एवढं मोठं काम आहे.

आणि नेमक्या त्याच पोह्यांबरोबर आपण चहा घेतो. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि शोषू देत नाही. लिंबाने कमावलेलं चहाने घालवायचं, असं रोज सकाळी लाखो घरांत चाललेलं आहे. चहा सोडा असं मी कोणाला सांगणार नाही, मला स्वतःला सोडवणार नाही. फक्त खाणं आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. सकाळी उठल्या उठल्या घ्या, मग नाश्ता करा. ज्या बायकांना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत त्यांनी तर गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नये.

भाकरीच्या तीन बहिणी

नाचणी: १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढ्याच दुधात १२०. म्हणजे जवळजवळ तिप्पट. पण नाचणीतलं कॅल्शियम दुधातल्याइतकं सहज अंगी लागत नाही, म्हणून ती मोड आणून, आंबवून खायची. बाळाला देतात ते नाचणीचं सत्त्व आणि उन्हाळ्यातली आंबील, दोन्हींत हे शहाणपण मुरलेलं आहे.

बाजरी: लोहात गव्हाच्या पुढे. महाराष्ट्रात २०१२ साली 'धनशक्ती' नावाचं बाजरीचं वाण आलं, ते मुद्दाम जास्त लोहासाठी निवडून तयार केलेलं होतं. बाजरीचं पीठ लवकर कडू का होतं, माहीत आहे? तिच्यात तेलाचा अंश जास्त असतो आणि दळल्यावर तो लगेच खवट व्हायला लागतो. म्हणून गिरणीत आठ दिवसांपुरतीच दळून आणा. पंधरा दिवसांचं पीठ कडू झालं म्हणून टाकून देणं परवडणारं नाही.

ज्वारी: एके काळी गरिबाची म्हणून हिणवलेली ज्वारी आता बहुतेक बाजारांत गव्हापेक्षा महाग आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, मागणी वाढली, भाव वाढला. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जास्त जात असतील तर आनंदच आहे. खिसा आवळलेल्या घराने मात्र एकाच धान्याचा हट्ट धरू नये. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी-नाचणी, आणि जिथे गहू स्वस्त तिथे कोंड्यासकटचा गहू. मैद्यापेक्षा तो कधीही सरस.

साताऱ्याचे सुखात्मे आणि प्रथिनांचा बागुलबुवा

पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नाव फार थोड्यांना माहीत आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेला हा संख्याशास्त्रज्ञ. रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत ते १९५१ पासून सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. जगभर तेव्हा गाजावाजा चालला होता की गरीब देशांत प्रथिनांची टंचाई आहे आणि तिच्यावर खास महागडं प्रथिनयुक्त अन्न पुरवायला हवं. सुखात्म्यांनी लोक खरोखर काय खातात त्याची आकडेवारी तपासली आणि निराळंच सांगितलं. धान्य आणि डाळीचं नेहमीचं जेवण पोटभर मिळालं तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातच भागते. प्रथिनं कमी पडतात ती प्रामुख्याने पोट अर्धं राहतं म्हणून. शरीराला जळण पुरलं नाही की ते प्रथिनंच जाळायला काढतं. पुढे पुण्यात काम करताना त्यांनी स्वच्छ पाण्यावरही तितकाच भर दिला, कारण जुलाब आणि जंत झालेल्या पोटात कितीही चांगलं घातलं तरी ते अंगी लागत नाही.

मुलांच्या वाढीसाठी म्हणून डब्यातल्या महागड्या पावडरी घेणाऱ्या आईबापांना हा माणूस आज भेटायला हवा होता.

पिठल्याला भाकरी का लागते

प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. धान्यात त्यातलं लायसिन कमी पडतं, डाळी-कडधान्यांत ते भरपूर. उलट कडधान्यात मेथिओनिन कमी आणि धान्यात ते बऱ्यापैकी. दोन्ही एका ताटात आली की एकाचं उणं दुसरं भरून काढतं. साधारण तीन वाट्या धान्याला एक वाटी डाळ, हे प्रमाण पुरेसं.

आता आपली नावं आठवा: वरण-भात, पिठलं-भाकरी, मुगाची खिचडी, मेतकूट-भात, थालीपीठ, पुरणपोळी. प्रयोगशाळा नसताना आज्यांनी ही जोडी कशी हेरली असेल, याचं मला खरंच अप्रूप वाटतं. फक्त महागाईत वरण पातळ पातळ होत जातं, तिथे जपा. तूर महागली की मूग, मसूर, हरभरा, कुळीथ, चवळी यांतलं जे स्वस्त असेल ते आणा. कोकणातल्या कुळथाच्या पिठीत तुरीच्या तोडीस तोड प्रथिनं आहेत.

सोयाबीन वड्यांचा हिशेब

१०० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं. ५५ किलो वजनाच्या बाईची दिवसाची गरज साधारण ४६ ग्रॅम धरतात. म्हणजे भाजीत पडलेली मूठभर वडी किती काम करून जाते पाहा. तुमच्या दुकानातला भाव घ्या, त्याला प्रथिनांच्या ग्रॅमने भागा, मग पनीरचाही तसाच हिशेब मांडा. फरक कागदावर दिसेल.

गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन शिजवून आश्रमाच्या जेवणात वापरून पाहिलं आणि त्यावर 'हरिजन'मध्ये लिहिलं. आज त्याच विदर्भात, आणि मराठवाड्यात, नजर जाईल तिथवर सोयाबीन उभं असतं. ते जातं तेलाच्या गिरणीत आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. पिकवणाऱ्याच्या ताटात त्यातलं फार थोडं येतं, याचं मला वाईट वाटतं.

आगोट आणि पुरुमेंत

कोकणात पाऊस तोंडावर आला की आगोटीची खरेदी सुरू होते. सुके बोंबील, जवळा, सुकट, कांदे, कोकम, चिंच. जून-जुलैत होड्या नांगरलेल्या, ताजी मासळी मिळायची नाही, मिळाली तरी हात लावायची सोय नाही. गोव्यात याच साठवणीला पुरुमेंत म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि मे महिन्यात त्याची फेस्तं भरतात.

ताज्या बोंबलात बहुतांश पाणीच असतं. वाळला की ते उडतं आणि मागे उरलेल्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. जवळा तर अख्खा, सालीसकट खातो आपण, म्हणजे कॅल्शियमही आलं. मूठभर सुकट कांद्यावर परतली की चार माणसांचं कोरड्यास होतं. खारवलेली मासळी असेल तर कोमट पाण्यात धुऊन घ्या आणि भाजीत मीठ बेताने घाला. रक्तदाब असलेल्यांनी तर नक्कीच.

त्याच कोकण-गोव्यातला उकडा तांदूळही असाच गुणाचा. भात तुसासकट उकडताना कोंड्यातलं 'ब१' जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरतं, मग वरचं टरफल काढलं तरी ते पांढऱ्या तांदळाइतकं निघून जात नाही. आणि त्याची पेज पाण्यासकट प्यायली जाते, ओतून टाकली जात नाही.

भाजीवाला फुकट देतो ते

फ्लॉवर घेताना भाजीवाला बाहेरची पानं मोडून टोपलीत टाकतो. ती मागून घ्या. कॅल्शियम आणि लोह यांत ती पानं फुलाच्या कितीतरी पुढे आहेत. मुळ्याचा पाला, बिटाचा पाला, नवलकोलाची पानं, सगळ्यांचं तसंच. दोडक्याच्या शिरांची चटणी करणारं घर हे वाया न घालवणारं घर.

शेवग्याच्या पाल्यात तोलास तोल दुधाच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम आहे, शिवाय डोळ्यांसाठीचं बीटा कॅरोटीन. परसातल्या झाडाची फांदी वाकवायची आणि ओरबाडायची, एवढंच. हाच पाला वाळवून, दळून, मोरिंगा म्हणून डब्यांत भरून विकला जातो तेव्हा त्याची किंमत ऐकून छाती दडपते.

पावसाळ्यात बांधावर घोळ उगवते, बरेच जण तण म्हणून उपटून टाकतात. हिरव्या पाल्यांत ओमेगा-३ स्निग्धांश जास्तीत जास्त देणाऱ्यांत तिचा नंबर लागतो. टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली यांची ओळख जाणत्या माणसाकडून करून घ्या, पुस्तकातलं चित्र बघून रानात जाऊ नका. शेवळं तर नीट केली नाहीत तर घशाला खाजतात, त्यात काकडं नावाची रानफळं घालावी लागतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडे आणि भाज्यांची गावठी बियाणी जपून ठेवली, त्यांना २०२० सालचा पद्मश्री मिळाला. कुंडीत, डब्यात, परसात लावायला असं बियाणं मिळालं तर भाजीचा खर्च कायमचा थोडा हलका होतो.

झटपट सात

बिनपॉलिशचे तीळ: एका मोठ्या चमच्यात साधारण अर्धा कप दुधाएवढं कॅल्शियम. ते बरंचसं सालात असतं, म्हणून पांढरेशुभ्र सोललेले तीळ घेऊ नका.

जवस: त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३. अख्खा दाणा न पचता निघून जातो, म्हणून विदर्भातल्यासारखी भाजून, कुटून चटणी करा, आणि थोडी थोडीच करा.

अंडं: एकात सहा ग्रॅम प्रथिनं, शिवाय वनस्पतींत न मिळणारं 'ब१२'. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. तपकिरी अंड्याला जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

दूध-ताक: शाकाहारी घरात 'ब१२' येण्याची हीच मुख्य वाट. चहाच्या दुधापलीकडे रोज एक वाटी दही-ताक राखून ठेवा.

गूळ: साखरेपेक्षा बरा, पण लोहाचं औषध नव्हे. एका खड्यात लोह अगदी थोडं असतं.

भाजी: आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मोरीत जातात.

डाळीत सोडा: लवकर शिजते खरी, पण सोड्याने 'ब१' जीवनसत्त्व नष्ट होतं. डाळ तासभर भिजवा, गॅसही तेवढाच वाचतो.

दहा रुपयांचं ताट

१९७२ च्या दुष्काळात कामावर राबणाऱ्या माणसांना सुकडी मिळायची, आणि बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी. त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांना अजून ती चव आठवते. १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. झुणका-भाकर काय आणि चपाती-वरण काय, धान्य-डाळीची तीच जुनी जोडी. स्वस्त ताट मांडायला बसलं की कोणालाही तिच्यापाशीच यावं लागतं.

रेशनच्या तांदळाबद्दल एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. २०२४ पर्यंत देशभर रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि 'ब१२' घातलेले दाणे मिसळले गेले, शंभरास एक या प्रमाणात. हे दाणे तांदळाच्या पिठापासूनच बनवतात, पण रंगाने किंचित वेगळे दिसतात, कधी पाण्यावर तरंगतात. प्लास्टिकचा तांदूळ आला अशी अफवा उठली आणि बायका ते एकेक करून वेचून टाकू लागल्या. असे दाणे तुमच्या तांदळात दिसले तर वेचू नका. घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

शेवटची पंगत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. मटकीला मोड आणणारी, पाला निवडणारी, भाकरी थापणारी तीच. आणि तिच्या पानात येतं ते पातेल्याच्या तळाशी उरलेलं. पैसे तंग असले की आधी तिची वाटी रिकामी राहते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आज रात्री जेवायला बसताना तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढा. उसळ तिला आधी, लिंबाची फोडही.